छत्तिसावा दिवस

एकतीस वर्षं मी जर्मनीत हवा मोजली. भाकीत कधी केलं नाही, नुसती मोजली. हा फरक पुण्यातल्या नातेवाइकांना आजवर कळलेला नाही. घरात कार्य निघालं की आमचे मेहुणे हटकून फोन करायचे, "भावजी, तुम्ही हवामान खात्यातले, मांडव घालू की हॉल घेऊ?" इथले शेजारीही काही वेगळे नव्हते. शनिवारी अंगणात मांस भाजायचं असलं की कुंपणावरून डोकावून पावसाची चौकशी करायचे. मी सांगायचो, पावसाचं मला ठाऊक नाही, पण तुमच्या भाजण्याचा धूर किती झाला ते सोमवारी सांगतो. हळूहळू ते डोकावायचे बंद झाले.

आमचं गाव ब्राउनश्वाइगपासून गाडीनं पाऊण तासावर. तिथल्या विद्यापीठात पीएच.डी. करायला आलो आणि ती संपल्यावर या गावच्या पर्यावरण खात्यात, म्हणजे इथल्या भाषेत 'आम्ट'मध्ये, चिकटलो. गाव पोळपाटासारखं सपाट. पूर्वेला पोलादाचा कारखाना, त्याच्या पश्चिमेला वस्ती. वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, त्यामुळे कारखान्याचा धूर पलीकडच्या बीटाच्या शेतांवर जातो आणि बीट तक्रार करत नाहीत. पण हिवाळ्यात पूर्वेचा वारा सुटला की तो थेट रशियाच्या गवताळ मैदानावरून येतो, वाटेत अडवायला टेकाड म्हणून नाही. आमचं गाव हे त्या स्टेपचंच पश्चिमेकडचं टोक आहे, असं माझा सहकारी युर्गन म्हणायचा. तो वारा येताना कारखाना उचलून आमच्या नाकात आणून सोडायचा.

माझं काम बाहेरच्या माणसाला दोन मिनिटांत समजतं, म्हणून पार्टीत मला कुणी तिसरा प्रश्न विचारत नसे. पोहण्याच्या तलावाशेजारी पानटपरीएवढं एक पत्र्याचं खोकं. त्याच्या छपरावर एक नळी, नळीला टोपी. आतला पंप दिवसभर हवा ओढतो, धूळ गाळणीच्या कागदावर बसते आणि यंत्र दर अर्ध्या तासाला आकडा लिहितं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते आकडे तपासायचे. आकडा खरा की यंत्राला वेड लागलंय? नळीत कोळी शिरला का, खाली कुणी ट्रॅक्टर चालू ठेवून गप्पा मारत बसला का? खोटा आकडा खोडायचा, खऱ्यावर सही करायची. त्या सहीचा मला पगार होता आणि तिचा मला अभिमानही होता.

नियम असा. धुळीची दिवसाची सरासरी घनमीटरला पन्नास मायक्रोग्रॅमच्या वर गेली की तो दिवस वाईट. असे वाईट दिवस वर्षात पस्तीस चालतात. छत्तिसावा उजाडला की शहराला कायद्यानं हवा सुधारण्याची योजना करावी लागते. पस्तीस दिवस माणसानं खोकावं आणि छत्तिसाव्या दिवसापासून सरकारनं लक्ष घालावं, हे गणित कुणी मांडलं मला माहीत नाही. पण आकडा नेमका असल्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

हे पस्तीस दिवस वर्षभर कसे वाटले जातात, हे सांगण्यासारखं आहे. जानेवारीत कडक थंडीत वरची हवा उबदार आणि खालची गार, म्हणजे गावावर झाकण बसतं. खाली कारखाना शिजतो आणि घराघरांतल्या लाकडाच्या शेगड्या त्याला फोडणी देतात. फेब्रुवारीत बर्फावर घसरू नये म्हणून रस्त्यावर वाळू टाकतात. तिची धूळ मोजायची आणि मग वजा करायची, कारण ती सरकारनं टाकलेली असते. ईस्टरला गावोगाव होळीसारखी प्रचंड आग पेटवतात, ती पेटवायचा मान अग्निशमन दलाचा. त्या रात्रीचा आकडा पाहून नवखा माणूस त्याच दलाला फोन करेल. सहाराच्या वाळवंटातून धूळ उडत आली तर तीही वजा, कारण वाळवंटाला दंड करता येत नाही. आणि एकतीस डिसेंबरचे फटाके लोक मध्यरात्रीनंतर उडवतात, त्यामुळे तो धूर पुढच्या वर्षात धरला जातो. जर्मन माणूस शिस्तीचा म्हणतात ते खोटं नाही.

माझ्या नोकरीतली दोन माणसं मला जन्मभर पुरली. एक हेर, म्हणजे श्रीयुत, डॉक्टर लेन्स. हे कारखान्याचे पर्यावरण अधिकारी. उंच, सभ्य, कोटाच्या खिशात कायम पेपरमिंट. वाईट दिवस उगवला की दहाच्या आत त्यांचा फोन. "हेर शेलार, काल सहारा होता का?" नव्हता. "रशियन स्टेपची धूळ?" नव्हती. "परागकण?" जानेवारीत? "मग तलावावर काही बांधकाम?" पस्तीस दिवस हे त्यांना मुळी बंधन वाटतच नसे. कारखान्याची ती हक्काची रजा होती आणि एखादा दिवस वाया गेला तर त्यांना हळहळ वाटायची.

दुसऱ्या फ्राउ, म्हणजे श्रीमती, क्राउझं. वय चौऱ्याहत्तर, घर कारखान्याच्या भिंतीला लागून. नवरा चाळीस वर्षं तिथंच ओतकामावर होता, आता नव्हता. भिंतीपलीकडे लोहखनिजाचे उघडे ढीग. ते उपसायला लागले की लाल-काळी धूळ बाईंच्या स्वयंपाकघरात. छाती कामातून गेलेली, फवाऱ्याचं औषध कायम एप्रनच्या खिशात. रोज साडेआठला त्यांचा फोन यायचा.

"हेर शेलार, तुमचं यंत्र आज काय म्हणतं?"

"बावीस, फ्राउ क्राउझं."

"माझ्या फुप्फुसाचं मत वेगळं आहे."

यंत्र त्यांच्या अंगणात हलवा, असा अर्ज त्यांनी कितीदा केला असेल. आमच्या आम्टचं उत्तर ठरलेलं होतं: ती जागा प्रदूषणाच्या फार जवळ आहे, त्यामुळे प्रदूषण मोजण्यास योग्य नाही. त्या उत्तरावर सही माझी असायची. बाईंचा कारखान्यावर राग नव्हता, हे मुद्दाम सांगतो. "बंद करा असं मी कधी म्हटलंय? मला फक्त त्या ढिगांवर छप्पर हवंय. गेटवर कामगारांच्या सायकलींना आहे, तेवढं." छपराचा आराखडा तयारही होता. कारखान्याचं म्हणणं सरळ होतं: योजना लागू झाली तर बांधू. म्हणजे छत्तिसावा दिवस आला तर.

मी बोलतोय ते वर्ष असं होतं की छत्तिसावा दिवस येणार हे आम्ही सगळे धरून चाललो होतो. हिवाळाभर पूर्वेचा वारा, उन्हाळा कोरडा. सप्टेंबरअखेर पस्तीस दिवस भरले. लेन्सच्या पेपरमिंटचा खप वाढला. क्राउझंबाई आता फोनवर आकडाच विचारत नसत. "आला का?" एवढंच म्हणत.

आणि मग दसरा आला.

माझे वडील चिंचवडला टर्नर होते. दसऱ्याला ते लेथ लख्ख पुसायचे, तिला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायचे आणि त्या दिवशी तिच्याकडून काम घ्यायचे नाहीत. ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडावेत, यात मला आजही काही चूक दिसत नाही. मीही इथं दरवर्षी खोक्यात जाऊन यंत्राची पूजा करायचो. बाल्कनीत लावलेला झेंडू, कुंकवाचं बोट, पेढा आणि पडद्यासमोर एक उदबत्ती. दार बंद, नळी वर छपरावर, त्यामुळे यंत्राला त्याचा पत्ता नसे. युर्गन पहिल्या वर्षी दारात अवघडून उभा होता. पुढे पुढे पेढ्यासाठी तोच तारीख विचारायला लागला.

त्या वर्षी मात्र आगीपासून संरक्षणाचं नवं परिपत्रक आलं. खोक्यात ज्योत, ठिणगी, धुमसणारी वस्तू, सगळ्याला बंदी. आमच्या विभागात सुरक्षेची जबाबदारी युर्गनकडे, त्यामुळे लाल स्टिकर त्यानंच दारावर डकवला होता.

"आल्झो, म्हणजे आत नाही," तो म्हणाला. "नियम आहे. पण छपराबद्दल काही लिहिलेलं नाही."

"मग वर करू."

"वर चढायचं तर हेल्मेट घालावं लागेल. आणि शिडी धरायला दुसरा माणूस. तो मी आहे."

तर डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात ताम्हण, अशा थाटात मी छपरावर चढलो. खाली युर्गन शिडी धरून. इथल्या मराठी मंडळाच्या नवरात्रात मिळालेली जाडजूड उदबत्ती होती, दोन तास चालणारी. ती केळ्यात खोचली आणि कुठं ठेवावी म्हणून बघितलं. यंत्राचं तोंड म्हणजे ती नळीची टोपी. नैवेद्य तोंडापाशीच दाखवतात. मी केळं टोपीखाली ठेवलं, हात जोडले, उतरलो, पेढा खाल्ला आणि ऑफिसला गेलो.

जन्मभर धूर मोजणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं धूर यंत्राच्या तोंडाशी लावला, यावर कुणाचा विश्वास बसत नाही. माझा बसतो. उदबत्तीचा धूर हा धूर असतो, हे आपल्या डोक्यात येतच नाही. तो वास असतो, तो देवाचा असतो. युर्गनच्याही ते डोक्यात आलं नाही, म्हणजे इतक्या वर्षांत तोही आमच्यातलाच झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर आकडे उघडले. दिवसाची सरासरी सत्तावन्न. छत्तिसावा दिवस. फोन आधीच वाजत होता. शहराच्या संकेतस्थळावर कच्चे आकडे कुणालाही दिसतात आणि क्राउझंबाईंनी ते सहा वाजताच पाहिले होते.

"आला," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हलका मी कधी ऐकला नव्हता. "प्लमचा केक करतेय. दुपारी या, युर्गनलाही आणा."

मी बरं म्हणालो, कारण तोवर मी आलेखाकडे पाहिलं नव्हतं. फोन ठेवून पाहिला. नऊ ते अकरा सरळ वर गेलेला सुळका. कारखान्याची धूळ अशी कधी चढत नाही. मला माझं केळं दिसलं.

युर्गननं पाठीमागे येऊन आलेख पाहिला. मग म्हणाला, "तू काही लिहू नकोस."

"युर्गन."

"इतकी वर्षं ते आपल्याला सहारा सांगताहेत. आपण एक दिवस गप्प बसलो तर काय बिघडलं? म्हातारीला छप्पर मिळेल. कुणाचं नुकसान आहे सांग."

घरी फोन केला तर बायकोचं तिसरंच. "अहो, देवाची उदबत्ती ती. तिला कुणी प्रदूषण म्हणतं का?"

मी दुपारपर्यंत तसाच बसून होतो. गप्प बसावंसं मला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण एक खोटा आकडा आपण चांगल्यासाठी ठेवला, तर उद्या लेन्सच्या सहाराला कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? शिवाय खरं सांगायचं तर भीतीही होती. कुणी आलेख पाहून विचारलं असतं तर नोकरी गेली असती. तत्त्व किती आणि भीती किती, हे कुठल्या गाळणीवर वेगळं होत नाही.

मी ते दोन तास खोडले. राहिलेल्या बावीस तासांची सरासरी आली पन्नास पूर्णांक चार. नियमाप्रमाणे आकडा पूर्णांकात धरायचा. पन्नास. पन्नास म्हणजे पन्नासच्या वर नाही. वाईट दिवस परत पस्तीस.

खोडण्याचं कारण एका फॉर्मवर भरावं लागतं. त्यात यादी होती: बांधकाम, फटाके, शेतीची यंत्रं, मांस भाजणे, पक्षी, खोडसाळपणा. पूजा नव्हती. मी 'इतर' वर खूण केली आणि लिहिलं, 'कर्मचाऱ्यानं उपकरणाप्रति कृतज्ञता व्यक्त करताना सुगंधी धूर.' तलावाऐवजी वस्तीत दुसरं यंत्र बसवा, हा माझा अर्ज नऊ वर्षं त्याच आम्टमध्ये पडून होता. हा फॉर्म चार तासांत मंजूर होऊन आला. आठवड्यानं सुरक्षा विभागाचं पत्रही आलं: उपकरणांची पूजा हे काम मानायचं की सुट्टी, आणि काम असेल तर त्याचा धोका कुणी तपासला होता?

लेन्सचा फोन संध्याकाळच्या आत. "हेर शेलार, तुमच्या संस्कृतीबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे." मग लगेच, "हा सण पुढच्या वर्षी कोणत्या तारखेला येतो?" मी चौकशीचं कारण विचारलं. "सहज. कॅलेंडरमध्ये नोंद असावी." दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून माझ्या टेबलावर झेंडूची कुंडी आली.

केक खायला मी गेलो नाही. युर्गनला पाठवलं आणि निरोप सांगायचं काम त्याच्या गळ्यात घातलं. तो परत आला तेव्हा म्हणाला, "तिनं ऐकून घेतलं. केक बांधून दिलाय." तो डबा मला उघडवेना.

अजून तीन महिने होते. वाईट दिवस आणखी एक हवा होता, फक्त एक. हवा मोजणाऱ्यानं ती वाईट व्हावी म्हणून देव पाण्यात ठेवावेत, अशी माझी गत झाली. पण दसऱ्यानंतर पश्चिमेचा वारा जो सुटला तो सुटलाच. पाऊस, वारा, पुन्हा पाऊस. नोव्हेंबर धुऊन निघाला, डिसेंबरात झाकण बसायचं नाव नाही. ते वर्ष पस्तीसवर संपलं. वार्षिक अहवालात मी लिहिलं, मर्यादेचं पालन झालं. महापौरांनी आमच्या खोक्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. त्या ढिगांवर आजही छप्पर नाही, हे इथंच सांगून टाकतो, नाहीतर वाचक शेवटी काहीतरी गोड होईल म्हणून वाट बघत बसतील.

जानेवारीत मी फ्राउ क्राउझंकडे गेलो. तीन महिने उशिरा, आणि लाज वाटत होती म्हणूनच उशिरा. बाईंनी कोट काढून घेतला, कॉफी ठेवली, मग कपाटातून एक शाळकरी वही काढून माझ्यापुढे उघडली. दसऱ्याची तारीख. बाकदार जुन्या वळणाचं अक्षर: 'वारा पूर्वेचा, मंद. नऊ वाजता ढीग उपसायला सुरुवात, अकरापर्यंत. खिडक्या बंद. औषध दोनदा.'

मी ते तीनदा वाचलं. नऊ ते अकरा.

"तुमच्या धुरात माझी धूळ होती," त्या म्हणाल्या.

"होती."

"किती?"

"सांगता येत नाही. एकदा मिसळलं की वेगळं करता येत नाही. म्हणून नियमाप्रमाणे दोन्ही खोडायचं."

"आणि तुम्ही ती काडी लावलीच नसती तर?"

हे मी अहवालात लिहिलं नव्हतं, युर्गनलाही बोललो नव्हतो. "बाकी दिवसाची सरासरी पन्नास पूर्णांक चार होती, फ्राउ क्राउझं. पन्नास पूर्णांक पाच झाली असती तर एकावन्न धरावे लागले असते. ढीग दोन तास उपसत होते म्हणता. मग बहुतेक तो दिवस आपल्या पायांनी आला असता."

बाईंनी वही मिटली. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"त्या पूजेत तुम्ही यंत्राकडे काय मागता?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. नीट मोजत राहा, एवढंच."

"ते तर मोजत होतं," त्या म्हणाल्या. "खोडलंत तुम्ही."

मी नियमाचा क्रमांक सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांना खोकला लागला. त्यांनी एका हातानं मला बसा अशी खूण केली आणि दुसऱ्या हातानं खिसा चाचपला. मी बसून राहिलो. मोजायच्या सवयीनं माझी नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली आणि मी हात टेबलाखाली घेतला. खोकला बराच वेळ चालू होता.